चार्जर बंद पडला? नवा आणण्याआधी भिंतीपासून पिनेपर्यंत क्रमाने तपासा

गेल्या रविवारी इथल्या, इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या एक काकू पिशवीत तीन चार्जर घेऊन आल्या. एक लॅपटॉपबरोबर आलेला, दोन नंतर विकत घेतलेले, आणि तिन्ही "मेलेले". मी माझ्या टेबलावरची भिंतीकडची वायर काढून एकेकाला लावली. तिन्हींचे दिवे लागले. खराब होती ती भिंतीपासून डब्यापर्यंतची वायर. दुकानदाराने दोन्ही वेळा फक्त डबा दिला आणि काकूंनी जुनीच वायर पुढे चालवली, "ती तर चांगली आहे" म्हणून.

असं दर पावसाळ्यात चार-पाच जणांचं होतं. लोक तपासणी सोडून थेट खरेदीवर जातात, किंवा तपासतात तेही उलट्या टोकाने. म्हणून खाली सगळं क्रमाने लिहिलंय. क्रम मोडू नका, कारण पुढचा प्रत्येक टप्पा मागचा खरा धरून चालतो.

शब्दांचा घोळ नको म्हणून सांगतो: भिंतीकडून येते ती "मेन वायर", मधली काळी वीट म्हणजे "डबा", आणि डब्यातून लॅपटॉपकडे जाते ती "डीसी वायर".

सुरू करण्याआधी

मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचा मीटर, लागेलच. साधा पिवळा डिजिटल मीटर दोन-चारशे रुपयांत मिळतो. महाराणी रोडवर इलेक्ट्रिकच्या दुकानांत विचारा. वायर जोडायची वेळ आली तर २५ ते ३५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, रोझिनवालं बारीक सोल्डर, दोन-तीन मापांच्या श्रिंक स्लीव्ह (ऊब लागली की आवळणाऱ्या नळ्या), वायर सोलायचा चिमटा आणि एक धारदार कटर लागेल. चिकटपट्टी यादीत नाही, ती मुद्दाम गाळली आहे.

जागा कोरडी हवी. सोफा, गादी, सतरंजी नको. फरशीचा एखादा उरलेला तुकडा टेबलावर ठेवा, आयर्न आणि टप्पा ४ मधले गरम दिवे त्यावर. पायात चप्पल, हात कोरडे. आणि घरात दुसरं कुणीतरी असू द्या.

> सावध: डब्यातून जळका वास येतोय, डबा फुगलाय, आत काहीतरी खुळखुळतंय, किंवा वीज कडाडली त्याच क्षणी तो गेला, तर पुढचे सगळे प्रयोग सोडा. परत बोर्डात लावूही नका. सरळ टप्पा ७ वर जा.

टप्पा १ : लेबल वाचा आणि फोटो काढा

डब्याच्या पाठीवरची बारीक अक्षरं मोबाइलने टिपून मोठी करून वाचा. "इनपुट"च्या ओळीत १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, ते सगळ्यांचं जवळपास सारखंच. आपल्याला "आउटपुट"ची ओळ हवी. तिथे व्होल्ट आणि अँपिअर असे दोन आकडे असतात. १९.५ व्होल्ट ३.३४ अँपिअर, १९ व्होल्ट ३.४२ अँपिअर, २० व्होल्ट ३.२५ अँपिअर, हे सगळे ६५ वॅटचेच भाऊ. गुणाकार केला की वॅट निघतात. त्याशेजारी एक छोटं चित्र असतं, मधे टिंब आणि भोवती अर्धं वर्तुळ. त्यावरून पिनेच्या आत प्लस आहे की बाहेर ते कळतं. लॅपटॉपच्या चार्जरांत आत प्लसच सापडतो, तरी बघून घ्या.

आता लॅपटॉप उलटा करून त्याच्या पोटावरचे आकडे याच्याशी ताडून पाहा. कधीकधी मूळ चूक इथेच सापडते. लॅपटॉप मागतो ९० वॅट आणि कुणीतरी घरातला ४५ वॅटचा लावून "चार्जिंग होत नाही" म्हणत असतं. असं असेल तर चार्जर बिचारा निर्दोष आहे.

टप्पा २ : भिंत आणि मेन वायर

बोर्ड तपासायला मोबाइलचा चार्जर लावू नका. तो इतका कमी करंट ओढतो की ढिल्या सॉकेटातही चालतो. मिक्सर लावा. मिक्सर अडखळला किंवा बटणातून चरचर आली, तर इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि चार्जर दुसऱ्या खोलीतल्या बोर्डावर तपासा. मधला एक्स्टेन्शन बोर्ड काढून टाका.

मग मेन वायर. तिचं डब्याकडचं टोक बहुतेक वेळा तीन भोकांचं, तिपानी असतं. ते नीट आत जात नाही ही सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त दिसणारी भानगड. ताकद लावून शेवटपर्यंत दाबा. तरी दिवा लागला नाही तर दुसरी मेन वायर लावून पाहा. डेस्कटॉपची जाड वायर इथे बसत नाही, तिचं टोक वेगळं असतं. शेजारच्यांच्या लॅपटॉपची बहुधा बसेल.

दुसरी वायर नसेल तर मीटर काढा. वायर भिंतीतूनही काढलेली आणि डब्यातूनही काढलेली हवी. मीटर बीपवर ठेवा, म्हणजे दोन टोकांमधली तार सलग असली की तो वाजतो. प्लगच्या तीन पिना आणि दुसऱ्या टोकाची तीन भोकं, प्रत्येक जोडीला बीप यायला हवी. वरची जाड पिन अर्थिंगची. तिची बीप नाही म्हणजे वायर वरवर चालेल, पण अर्थ तुटलेला आहे. बीप वाजत असताना वायर प्लगच्या मानेजवळ हलवून पाहा. बीप तुटक झाली की समजा वायर गेली. ही वायर सांधायची नाही, बदलायची. २३० व्होल्टच्या वायरीला घरगुती सांधा मी स्वतःच्या घरातही ठेवत नाही.

इथेच एक तक्रार निकालात काढू. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येतात, म्हणून लोक चांगला चार्जर फेकतात. डब्यात विजेतला गोंगाट गाळण्यासाठी एक छोटा कॅपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असतो. त्याच्यातून अगदी थोडा करंट झिरपतो आणि अर्थिंगमधून निघून जातो. अर्थ नसेल तर तो तुमच्या बोटातून वाट काढतो. जुन्या घरांत तीन पिनी बोर्ड दिसायला असतो, पण मागे अर्थची तार जोडलेलीच नसते. कुणी तिसरी पिन मोडून दोन पिनी कन्व्हर्टर लावतं. इलाज घराच्या अर्थिंगचा करा. झिणझिण्यांऐवजी सणसणीत झटका बसला तर मात्र चार्जर लगेच बंद करा आणि परत लावू नका.

> तपासा: मिक्सर चालतो, मेन वायर तीनही पिनांवर बीप देते, टोक शेवटपर्यंत दाबलेलं आहे. या तिन्हींवर खूण झाली की पुढे.

टप्पा ३ : डब्यातून वीज बाहेर येते का

लॅपटॉप बाजूला ठेवा. चार्जर फक्त भिंतीला लावा.

डब्यावर किंवा पिनेवर दिवा असेल तर बघा. दिवा लागतो आणि लॅपटॉपला पिन लावताच विझतो, ही खूण ओळखून ठेवा. याचा अर्थ एकतर डीसी वायर हलवताना आत शॉर्ट होते, किंवा लॅपटॉपच्या बोर्डात शॉर्ट आहे आणि चार्जर स्वतःला वाचवतोय. असा विझलेला चार्जर भिंतीतून काढून मिनिटभर थांबलं की बहुधा परत उठतो. तो मेला म्हणून फेकू नका.

आता मीटर. इथली चूक इतकी नेहमीची आहे की सावकाश सांगतो. बहुतेक जण नॉब डीसीच्या २० वर ठेवतात, कारण चार्जर "एकोणीस-वीसचा" आहे. साधा मीटर २० च्या रेंजवर १९.९९ पर्यंतच दाखवतो. २० व्होल्टचा चार्जर चांगला असला की २०.१ देतो, मीटरवर नुसता डावीकडे १ उमटतो, आणि माणूस म्हणतो "एकच व्होल्ट येतोय, गेला!" मागच्या वर्षी एका मुलाने याच कारणाने चांगला चार्जर भंगारात दिला होता. नॉब डीसी २०० वर ठेवा.

गोल पोकळ पिन असेल तर लाल टोक आत, काळं बाहेरच्या धातूला. भोक अरुंद असेल तर लाल टोकाला एक बारीक तांब्याची तार गुंडाळून ती आत घाला. पिनेच्या मधे सुईसारखी बारीक काडी दिसत असेल, तर ती वीज देणारी नाही. डेल, एचपीच्या अनेक चार्जरांत आणि लेनोव्होच्या चौकोनी पिनेत ती असते. चार्जर किती वॅटचा आहे हे लॅपटॉपला कळवणं एवढंच तिचं काम. तिथे लाल टोक त्या काडीला न लावता पिनेच्या आतल्या भिंतीला लावा. काडीवर मोजून चार्जरला मेलेला ठरवणारे मी किती पाहिले त्याची गणती नाही.

लेबलवरच्या आकड्याच्या आसपास, पाव-अर्धा व्होल्ट इकडेतिकडे, रीडिंग आलं तर ठीक. शून्य आलं तर एकदा पिनेजवळ आणि एकदा डब्याजवळ डीसी वायर हलकेच वाकवत मीटरकडे बघा. आकडा उड्या मारू लागला की तुटलेली जागा तुमच्या बोटांतच आहे. तिथे पेनने खूण करा. आकडा हळूहळू वर-खाली होतोय, ० ते १५ च्या मधे झोके घेतोय, तर दोष डब्याच्या आत आहे.

> सावध: लाल टोक घसरून आतला आणि बाहेरचा धातू एकदम टेकला तर बारीक ठिणगी उडते आणि चार्जर बंद होतो. घाबरू नका. भिंतीतून काढा, मिनिटभर थांबा, परत लावा.

*टाइप-सी चार्जर असेल तर* वरची मोजणी त्याला लागू नाही. समोर कुणी मागत नाही तोवर तो पिनेवर काहीच सोडत नाही, म्हणून मीटर शून्य दाखवतो. तो तपासायचा म्हणजे दुसऱ्या टाइप-सी लॅपटॉपला लावून बघायचा, किंवा निदान फोनला. फोन चार्ज झाला म्हणजे ५ किंवा ९ व्होल्ट येतात एवढंच सिद्ध होतं. लॅपटॉपला लागणारे २० येतात की नाही ते कळत नाही.

टप्पा ४ : ओझं टाकून पाहा

मीटरवर १९.५ दिसतात, पण लॅपटॉप चालत नाही, किंवा चालू होऊन दोन मिनिटांत बॅटरीवर जातो. रिकाम्या हाताने ताठ उभा राहणारा आणि पोतं उचलताच बसणारा हा चार्जर. आतले आउटपुटचे कॅपॅसिटर सुकले की असं होतं. मीटर स्वतः जवळपास काहीच करंट घेत नाही, म्हणून त्याला हे कळत नाही.

ओझं म्हणून मी स्कूटर-मोटारीच्या इंडिकेटरचे १२ व्होल्ट २१ वॅटचे दोन दिवे वापरतो, एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेले. ऑटो पार्ट्सच्या कुठल्याही दुकानात मिळतात, फक्त एलईडी देऊ नका म्हणून सांगा. सुमारे दीड अँपिअर, म्हणजे ६५ वॅटच्या चार्जरला अर्ध्याच्या आसपास ओझं होतं. दिवे फरशीच्या तुकड्यावर ठेवा, मिनिटभरात चटका बसेल इतके तापतात. पिनेशी जोडायला बाजारात तयार फीमेल सॉकेट मिळतं. ते नसेल तर मगर-चिमटे लावून जोडा, पण दोन चिमटे एकमेकांना टेकणार नाहीत याची खात्री करून.

दिवे लावताना पहिल्या क्षणी थंड तार जास्त करंट ओढते. एकदा लुकलुकून दिवे स्थिर झाले तर तो दोष नव्हे. आता दिवे चालू ठेवून व्होल्ट मोजा. १९.५ चे १९.२ झाले तर उत्तम. १७ वर घसरले, दिवे सतत लुकलुकत राहिले, किंवा दहा मिनिटांत डबा हात ठेववणार नाही इतका तापला, तर डबा संपला.

हा खटाटोप नको असेल तर ओळखीच्या कुणाच्या त्याच कंपनीच्या, तितक्याच वॅटच्या लॅपटॉपवर अर्धा तास लावून बघा. उलटही करा: त्यांचा चार्जर तुमच्या लॅपटॉपला. दोन उत्तरं मिळाली की संशयाला जागा उरत नाही.

टप्पा ५ : लॅपटॉपचा जॅक

चार्जर सगळ्या परीक्षांत पास झाला, तरी लॅपटॉप चार्ज होत नाही. मग पिन आत घालून अगदी हलक्या हाताने वर-खाली करा. ठरावीक कोनात धरलं की चालतं, सोडलं की जातं, तर जॅक ढिला आहे. काहींच्या घरी पिनेखाली काड्यापेटी ठेवून वर्ष काढलेलं असतं. ढिल्या जॅकात ठिणग्या पडतात, जॅक काळा पडतो, आणि शेवटी बोर्डाला झळ पोचते. टॉर्चने आत पाहा. काळसरपणा, वाकलेली काडी, कधी नुसता कापसाचा बोळा. टाइप-सीमध्ये बोळा हमखास असतो. लॅपटॉप पूर्ण बंद करून लाकडी टूथपिकने काढा, टाचणीने नाही.

जॅक बदलणं वेगळं काम आहे, लॅपटॉप उघडावा लागतो. ते जाणकाराकडे द्या.

टप्पा ६ : डीसी वायर बदलणे

तुटकी जागा पिनेच्या मानेजवळ सापडली, तर हे घरी करण्यासारखं काम आहे, आणि करावंच. डब्यातून वायर निघते अगदी तिथेच तुटली असेल, सांधायला बाहेर दोन-तीन सेंटिमीटरही चांगली वायर नसेल, तर करू नका. त्यासाठी डबा उघडावा लागतो.

*वायर आणताना.* पिनेसकट तयार डीसी वायर मिळते. जुनी पिन बरोबर न्या आणि तिथेच दोन्ही शेजारी धरून बघा. "ये चल जाएगा भिया" ऐकून विश्वास ठेवू नका. ५.५ मिलिमीटरच्या बाहेरच्या मापात आतलं भोक १.७, २.१, २.५ असं वेगवेगळं असतं. सैल बसणारी पिन आज चालते आणि महिनाभरात जॅक खाते. मूळ चार्जर मधल्या काडीचा असेल तर वायरही तीन तारांची हवी. दोन तारांची लावली तर लॅपटॉप चालेल, पण चार्जर ओळखणार नाही. डेलमध्ये मग अडॅप्टरचा प्रकार कळत नाही असा इशारा येतो, बॅटरी चार्ज होत नाही आणि मशीन मुद्दाम धिमं चालतं.

घरी आल्यावर वायरीचं टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. त्याच्यावर सोल्डर धड बसत नाही आणि वायर तापते. परत करा.

*कापणे.* भिंतीतून चार्जर काढा. डब्यावरचा दिवा विझायला काही सेकंद लागतात, तो पूर्ण विझू द्या. पेनच्या खुणेपासून डब्याच्या दिशेने चार-पाच सेंटिमीटर मागे कापा. तुटण्याच्या जागेलगतची तार आतून काळी पडलेली असते, काळ्या तारेवर टाका धरत नाही. वायरीवरची जाड गाठ फेराइटची असते, गोंगाट गाळायला. ती राहिली तर बरं, गेली तर लॅपटॉप अडत नाही.

*सोलणे.* वरचं काळं आवरण तीन सेंटिमीटर सोला. आत वेणीसारख्या मोकळ्या तारा दिसतील, ती मायनस. त्या एका बाजूला ओढून पीळ द्या. मधे वेगळ्या प्लास्टिकमध्ये जाड तार आहे, ती प्लस. तिचं प्लास्टिक फक्त एक सेंटिमीटर काढा. तिसरी बारीक रंगीत तार असेल तर ती काडीची. नव्या वायरीचंही असंच. मग रंगावर न जाता मीटरच्या बीपने ठरवा: नव्या पिनेच्या आतला धातू कुठल्या तारेला वाजतो, बाहेरचा कुठल्या. नव्या वायरीत रंग उलटे असलेले मी स्वतः पाहिलेत.

*स्लीव्ह आधी.* मोठी स्लीव्ह वायरीवर चढवा आणि लांब सरकवून ठेवा, आयर्नची ऊब लागणार नाही इतकी लांब. प्रत्येक तारेवर तिची छोटी स्लीव्ह चढवा. हे लिहिताना मला हसू येतंय, कारण पंधरा वर्षं हे काम करूनही दर दहा-बारा सांध्यांमागे एकदा मी सुंदर टाका मारतो आणि मग लक्षात येतं की स्लीव्ह टेबलावरच आहे. मग टाका सोडवा, परत पहिल्यापासून. त्या क्षणी चिकटपट्टीचा मोह होतो. इंदूरच्या मे महिन्यात चिकटपट्टीचा गोंद पाघळतो, पट्टी सरकते, प्लस-मायनस एकमेकांना भेटतात.

*सांधा.* तिन्ही सांधे एकाच रेषेत येऊ देऊ नका. प्लसचा सांधा थोडा पुढे, मायनसचा थोडा मागे, म्हणजे एखादी स्लीव्ह फाटली तरी ते टेकणार नाहीत. तारा समोरासमोर धरून एकमेकांत गुंफा, पीळ द्या, ओढून बघा. टाक्याच्या आधीही सांधा ओढ सहन करायला हवा. आता आयर्नचं टोक तारेखाली लावा आणि सोल्डर तारेवर धरा, आयर्नवर नाही. तार पुरेशी तापली की सोल्डर पाण्यासारखं आत शिरतं. आयर्नवर वितळवून थेंब तारेवर ठेवला तर तो नुसता वर बसतो, दिसतो टाका, असतं चिकटवलेलं. चांगला टाका गुळगुळीत आणि चकचकीत दिसतो, त्यातून तारांचा पीळ अजून ओळखू येतो. मळकट गोळा झाला तर परत तापवा. थंड होईपर्यंत हलवू नका, फुंकर मारू नका.

आधी प्लसची स्लीव्ह सरकवून आवळा, मग बारीक तारेची, मग मायनसची. लायटरची ज्योत जरा लांबून फिरती ठेवा. जवळ धरली तर स्लीव्ह करपते.

> तपासा, भिंतीला लावण्याआधी: मीटर बीपवर ठेवून पिनेचा आतला आणि बाहेरचा धातू मोजा. बीप क्षणभर वाजून थांबली तर घाबरायचं नाही, डब्यातला कॅपॅसिटर मीटरकडून भरला जातोय. बीप वाजतच राहिली तर शॉर्ट आहे, सांधा उघडा.

आता मोठी स्लीव्ह आवळा, भिंतीला लावा, व्होल्ट मोजा. लाल टोक आत असताना आकड्याआधी वजाचं चिन्ह येता कामा नये. आलं तर प्लस-मायनस उलटे जोडलेत. अशी पिन लॅपटॉपला लावायची नाही. सगळं नीट असेल तर टप्पा ४ चे दिवे दहा मिनिटं लावा आणि सांध्यावर बोट ठेवा. कोमट चालेल, गरम नाही. दिवे नसतील तर पहिला अर्धा तास लॅपटॉप लावून तिथेच बसा आणि मधूनमधून हात लावून बघत राहा.

डबा उघडायचा का?

घरी नाही. कारण सांगतो. भिंतीतले २३० व्होल्ट आत शिरले की आधी त्यांचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि एका मोठ्या कॅपॅसिटरात साठतात. भिंतीतून काढल्यावरही तो भरलेला राहू शकतो, विशेषतः चार्जर बिघडलेला असताना, कारण तेव्हा साठलेली वीज खर्च करणारं पुढचं सर्किटच बंद असतं. शिवाय डबा स्क्रूचा नसतो, कंपनातून वितळवून चिकटवलेला असतो. फोडून उघडला की फेविक्विकने परत बंद करावा लागतो, आणि २३० व्होल्टची बाजू व तुमच्या हातातली बाजू यांच्यातल्या आवरणाचा भरवसा उरत नाही.

आणि फ्यूजचं म्हणाल तर आतला फ्यूज सहसा एकटा उडत नाही. पुढचा मॉसफेट किंवा रेक्टिफायर, म्हणजे वीज हाताळणारा एखादा भाग, शॉर्ट होतो, म्हणून तो उडतो. नुसता फ्यूज बदलला की दुसराही उडतो, जरा मोठ्या आवाजात.

टप्पा ७ : नवा घेताना

काउंटरवर हे क्रमाने बघा.

१. व्होल्ट तेच. १९ च्या जागी १९.५ सहसा चालतो. राउटरचा १२ किंवा प्रिंटरचा ३२ नाही, पिन बसली तरी नाही.

२. अँपिअर तितके किंवा जास्त. "जास्त अँपिअरने लॅपटॉप जळेल" ही भीती उलटी आहे. लॅपटॉप लागेल तेवढेच ओढतो. कमी अँपिअरचा घेतला तर चार्जर तापून मरतो.

३. पिन आणि तिच्यातली काडी, दोन्ही.

४. लेबलवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. अडॅप्टरांना ही नोंदणी सक्तीची आहे. क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तिथेच घालून बघा. कुणाच्या नावावर, कुठल्या मालासाठी आहे ते दिसतं. छापलेला आकडा आणि खरी नोंदणी यात कधीकधी फरक निघतो.

५. वजन. जुना आणि नवा दोन हातांत घ्या. त्याच वॅटचा, त्याच आकाराचा नवा फारच हलका लागला तर मी घेत नाही.

आठ टोकं आणि व्होल्ट बदलायची कळ असलेला "युनिव्हर्सल" घेऊ नका. एक दिवस कुणीतरी ती कळ धक्क्याने सरकवणारच.

टाइप-सी घेताना वायरीकडेही बघा. साधी टाइप-सी वायर ३ अँपिअरपर्यंतच, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. ६५ वॅटचा चार्जर पूर्ण ताकदीने चालायला ५ अँपिअरची वायर लागते. चार्जर नवा, वायर फोनबरोबर आलेली, आणि मग "स्लो चार्जिंग"चा इशारा, असं होतं ते यामुळे.

सिल्व्हर मॉलच्या कॉम्प्युटर दुकानांत जात असाल तर लॅपटॉप, जुना चार्जर आणि जुनी मेन वायर तिन्ही बरोबर न्या. दुकानातच लॅपटॉप सुरू करून पंधरा मिनिटं चालवा. बॅटरीची टक्केवारी चढते का आणि सुरू होताना काही इशारा येतो का ते बघा. बिल घ्या, त्यावर वॅट आणि वॉरंटी लिहून घ्या. काकूंच्या दोन्ही चार्जरांची बिलं असती तर निदान एकाचे पैसे परत मागता आले असते.

जुन्याचं काय

डीसी वायर डब्याभोवती करकचून गुंडाळायची सवय असेल तर ती या नव्यावर चालवू नका. मानेजवळ एक सैल वळण सोडून मग गुंडाळा, कारण वायर तुटते ती मानेतच.

मेलेला डबा सकाळच्या कचरागाडीवर द्या. ई-कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो, सुक्यात टाकू नका. देण्याआधी वायर चांगली असेल तर पिनेसकट हातभर कापून ठेवा आणि तिच्यावर व्होल्ट-अँपिअरची चिठ्ठी चिकटवा. माझ्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अशा चाळीसेक पिना आहेत. काकूंचे दोन जास्तीचे चार्जर मात्र चांगले होते. एक त्यांच्या भाच्याच्या लॅपटॉपला लागला, दुसरा अजून माझ्या शेल्फवर आहे. १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर, मधे काडी.